एकाच संकल्पात दोन नावं

तुळजापूरला आमच्या घरची पूजा पिढ्यान्‌पिढ्या एकाच पुजाऱ्यांकडं. देवीला गेलो की उतरायचं त्यांच्याकडं आणि जेवायचंही तिथंच. मी दिल्लीत राजकारणाच्या बातम्या देणारा टीव्हीवाला झालो, याचा तोरा माझ्या वडिलांपेक्षा त्यांनाच जास्त.

एका दुपारी त्यांचा फोन आला.

"तुला म्हणून सांगतो बघ. आमचे यजमान खासदारसाहेब सकाळी घरी आल्ते. संगं पलीकडच्या पार्टीचे मोठे पुढारी. दोघांची नावं एकाच संकल्पात घ्यायला लावली. माझ्याकडनं कळलं असं कुठं बोलू नगंस."

"नाही बोलत," म्हणालो, आणि अगदी मनापासून म्हणालो.

खासदार पक्ष सोडणार ही कुणकुण सगळ्याच चॅनेलांना होती. संध्याकाळी लाइव्हला उभा राहिलो तेव्हा मला इतरांवर मात करायची होती. पुजाऱ्यांचं नाव घेतलं नाही. पण ऐटीत सांगून टाकलं की दोघांनी देवीच्या पूजेत एकाच संकल्पाचं पाणी सोडलं. कानातला इअरपीस काढताना ध्यानात आलं, त्या खोलीत तिघंच होते. दोघं तर सांगणार नव्हते.

पुजाऱ्यांना फोन लावला, बंद. तीन दिवस बंदच. खासदारांनी बातमी साफ नाकारली होती, त्यामुळं पहिल्या दिवशी मला माझ्या नोकरीचीच भीती होती, हे कबूल करतो. पुजाऱ्यांची काळजी दुसऱ्या दिवशी सुरू झाली. मग मात्र फोन वाजला की आधी त्यांचं नाव दिसतंय का बघायचो.

चौथ्या दिवशी आईचा फोन आला. "खासदारांनी पूजा दुसऱ्याकडं न्हेली म्हणं. चार पिढ्यांचं यजमान घर गेलं त्यांचं. तू काय बोललास का रं?"

"मी कशाला बोलू?" म्हणालो.

महिन्याभरात खासदार पलीकडं गेले. बातमी खरी ठरली, ऑफिसात केक कापला. माझा तुकडा मी तसाच डिशमध्ये ठेवला.

पुढं आईला घेऊन तुळजापूरला गेलो. पुजारी दारातूनच परत पाठवतील असं वाटत होतं. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, आग्रहानं चहा पाजला, माझ्या सुटलेल्या पोटाची थट्टाही केली. सुटलो, म्हटलं.

पूजेला बसलो. पळीत पाणी घेऊन ते थांबले.

"फोन भायेर ठिवून ये. मग संकल्प सांगतो."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घालून उठलो.