सुषमाताईंची सुरई

वॉर्डातून फोन आला तेव्हा मी एस-बानच्या लोकलमध्ये उभा होतो. फ्राउ साने, म्हणजे आमच्या सुषमाताई, आज सकाळी गेल्या, असं नर्सने हळू आवाजात सांगितलं. मी ‘डांके’ म्हणून आभार मानले आणि पुढच्याच स्टेशनावर उतरलो... डांके कशासाठी, ते महिना उलटला तरी मला कळलेलं नाही.

सुषमाताई मूळच्या पुण्याच्या. स्टुटगार्टमध्ये एका संग्रहालयात त्या जुनी मातीची भांडी दुरुस्त करायच्या. त्यांच्या खणांत हजारेक वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या, झिलई न दिलेल्या सुरयांच्या नुसत्या माना होत्या. पोटं केव्हाच फुटून गेलेली. प्रत्येक मानेच्या आत पाणी गाळायची मातीची जाळी आणि त्या जाळीत कोरलेले मोर, मासे, ससे. बाहेरून त्यातलं काही दिसायचं नाही. न दिसणाऱ्या जागी एवढी मेहनत कशाला, असं मी एकदा विचारलं. पाणी भरणाऱ्याला दिसतं की, म्हणाल्या आणि परत कामाला लागल्या.

निवृत्तीनंतर त्यांनी तशाच दोन सुरया घडवल्या. एक स्वतःला, एक मला. माझ्या सुरईच्या जाळीत एक पक्षी होता. पहिल्याच दिवशी ती पाझरली आणि भाड्याच्या घरातल्या लाकडी पार्केटवर ओलं वर्तुळ उमटलं. मी ते घाईने पुसलं आणि ताईंना फोन लावला.

“गेनाऊ, अगदी बरोबर, पाझरणारच. पाझरते म्हणून तर पाणी गार होतं. खाली ताटली ठेव.”

पण इंजिनांचे सील बनवणाऱ्या कंपनीत माझी बारा वर्षं गेली आहेत. गळती दिसली की माझे हात शिवशिवतात. मी सुरईला आतून सीलंटचे दोन थर दिले. ताई घरी यायच्या तेव्हा ती रिकामीच ठेवायचो.

शेवटच्या आजारात त्यांच्या तोंडाला सारखी कोरड पडायची. वॉर्डातलं बाटलीचं पाणी नकोसं व्हायचं. त्यांची स्वतःची सुरई तोवर फुटली होती. “तुझी आण ना रे,” त्या म्हणाल्या, “दोन घोट मातीतलं पाणी दे.” मला नाही म्हणवेना आणि खरंही सांगवेना. भरून नेली. त्यांनी पेल्याकडे पाहिलंच नाही. सुरईच्या पोटावर तळवा ठेवला आणि सावकाश फिरवला. ती कोरडी होती.

“आतून बंद केलीस?”

पार्केट खराब होत होतं, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यांनी सुरईवरचा तळवा काढून घेतला.

“बरं केलंस. जमीन वाचली.”

मग त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. पाणी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोन आला.

मला स्वतःची लाज वाटते. सीलंट खरवडायला घेतलं, तर त्याच्याबरोबर मातीच सुटायला लागली, म्हणून थांबलो. आता रोज सकाळी मी सुरई भरतो आणि ताटली न घेता सरळ जमिनीवर ठेवतो. भरताना मानेतला पक्षी दिसतो. संध्याकाळी कामावरून आलो की ती उचलतो आणि खाली हात फिरवून बघतो. पार्केटवर एक डाग नाही.