टोपीचे लोखंड

"नवा वायू आल्यावर वजनविभागातील आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना तो बदल मानवला नाही, जुन्याच्या मोहापायी ते हट्टाने बाहेर पडले." कारखान्याच्या स्मरणिकेतील हे वाक्य माझ्याविषयी आहे. लिहिणारा पंधरा वर्षे माझ्या शेजारी डबा उघडून बसत असे. वाक्य सुबक आहे आणि खोटे आहे.

चाकणच्या त्या कारखान्यात आम्ही वीज-उपकेंद्रांचे मोठे स्विच बनवत होतो. त्यांत ठिणगी विझवण्यासाठी भरला जाणारा जुना फ्लोरिनयुक्त वायू हवेत सुटला, की कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट उष्णता धरून ठेवतो. पर्यायी वायू त्या मानाने पुष्कळ सौम्य. तो यावा म्हणून व्यवस्थापनाकडे पहिला अर्ज मीच केला होता. परंतु हवामानाची हानी नेमकी किती टळली हे सांगायचे, तर किती वायू निसटला हे कळावे लागते, आणि निसटलेला वायू दिसत नाही. आलेल्या सिलिंडरचे वजन घ्यायचे, त्यातून परत जाणाऱ्याचे आणि यंत्रांत भरलेल्या वायूचे वजा करायचे. उरते ती गळती.

नवा वायू भरण्याची खोली स्मरणिकेतील ते वाक्य लिहिणाऱ्या त्या सहकाऱ्याकडे गेली. तेथे भरलेला सिलिंडर झडप तपासण्यासाठी तिच्यावरची लोखंडी टोपी काढून काट्यावर चढे. परतीचा मात्र टोपीसकट, कारण टोपीवाचून ट्रकवाला तो उचलतच नसे. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमागे एका टोपीचे लोखंड शिल्लक वायू म्हणून लिहिले जात होते, आणि गळती तेवढी कमी दिसत होती.

मी हे दाखवले तेव्हा तो भाकरी मोडत हसला. "दादा, टोपी काय, फेटा बांधून मोजा. गॅस चांगला आहे ना?"

"चांगलाच आहे. म्हणून तर खरा मोजा."

"अहवाल वर गेलाय, राव. आता मला तोंडघशी पाडता का?"

मी त्या तिमाहीच्या गळतीच्या अहवालावर सही केली नाही. निवृत्तीला अवधी असताना राजीनामा दिला.

संत तुकाराम नगरात त्याचे घर माझ्या मागच्याच इमारतीत आहे. रविवारी तो चहाला येई. आता मंडईत समोरून आला तर मेथीच्या जुड्या निरखत उभा राहतो. पत्नी गेल्यापासून माझ्याशी वाद घालणारा तो एकटाच उरला होता. पहिल्या शिफ्टची बस कोपऱ्यावर थांबते, तेव्हा मी अजूनही दाढी करून तयार असतो. कित्येकदा दुपार होते, तरी तोंडातून शब्द निघालेला नसतो. याची मला खंत नाही असे लिहिणार होतो. तेही खोटेच ठरले असते.

स्मरणिका वाचून त्याला फोन केला.

"एक ओळ तर आहे, दादा. कोण वाचतंय?"

त्यानंतर त्याने फोन उचललेला नाही.

मला त्याची माफी नको. त्याने यावे, भांडावे. मात्र येण्यापूर्वी त्या अहवालातील आपल्याच सहीचा तक्ता एकदा उघडावा. त्या तिमाहीत यंत्रांत भरलेला आणि सिलिंडरांत परत गेलेला वायू मिळून आलेल्या वायूपेक्षा अधिक भरतो, आणि गळतीच्या रकान्यातील आकडा शून्याच्या खाली आहे.