ताईचे सासरे आणि साखरेची तपासणी

साखरेला इतका भिणारा आणि जन्मभर इतकी साखर चाखलेला माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. हे माझ्या ताईचे सासरे. घरात सगळे त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. पिंपळगाव बसवंतला त्यांचा द्राक्षांचा व्यापार होता. बागेत शिरायचं, घडाच्या अगदी शेंड्याचा मणी तोडून तोंडात टाकायचा आणि डोळे मिटून माल किती गोड झालाय ते सांगायचं, यासाठी पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं. निर्यातवाले हातातल्या यंत्राच्या काचेवर रसाचा थेंब टाकून बघत, तेव्हा आकडा बहुतेक वेळा आबांच्या जिभेशी जुळायचा. पुढे व्यापार मुलाच्या हाती देऊन आबा नाशिकच्या इंदिरानगरला राहायला आले आणि त्यांचं सगळं लक्ष द्राक्षातल्या साखरेवरून रक्तातल्या साखरेवर गेलं.

याला कारण त्यांचे थोरले भाऊ. गावात त्या काळी मधुमेहाची तपासणी म्हणजे लघवीच्या जागी मुंग्या जमतात का ते पाहणं. मुंग्या दिसल्या तोवर फार उशीर झाला होता. पायाची जखम चिघळली, पाय काढावा लागला आणि वर्षाच्या आत भाऊ गेले. आबा ही हकिगत फारशी सांगत नसत. सांगितली की शेवटी एकच वाक्य असायचं, "मुंग्यांना कळलं पाव्हणं, आम्हाला नाय कळलं."

तेव्हापासून रक्त द्यायला जाणं हा आबांचा कुळाचार झाला. सुनेचा भाऊ म्हणून आणि त्याच कॉलनीत राहतो म्हणून सोबतीचा मान माझ्याकडे. आदल्या संध्याकाळी जेवण लवकर उरकायचं आणि नंतर पाण्याशिवाय काही नाही. सकाळी लॅबचं शटर अर्धं वर गेलेलं असतानाच आबा खाली वाकून आत डोकावायचे. सुई टोचताना लोक मान फिरवतात, आबा नळीवर डोळे लावून बसत. रक्त जरा पातळ दिसलं की साखर कमीच, असं धरून समाधानानं माझ्याकडे बघत. खरा सोहळा मात्र पुढे असायचा. उपाशीपोटीचं रक्त दिल्यावर खाऊन यायचं आणि दोन तासांनी पुन्हा द्यायचं. इतर लोक भीतभीत दोन पोळ्या खाऊन येतात. आबा मला घेऊन मिसळीच्या हॉटेलात शिरत, मिसळ संपवत आणि वर जिलबी मागवत. हे काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "परीक्षा घ्यायची तर पेपर अवघड पाहिजे." नंतरचे दोन तास लॅबच्या बाकावर. तिथून उठून चार पावलंही टाकायची नाहीत, कारण चालल्यानं साखर उतरते आणि ती त्यांच्या लेखी कॉपी होती. एकदा डॉक्टरांच्या मागे लागून त्यांनी ग्लुकोजचं पाणी पिऊन करतात ती तपासणीही करून घेतली. पेला रिकामा केला, जीभ टाळ्याला लावली आणि तिथल्या मुलीला गंभीरपणे सांगितलं, की एवढी गोडी भरेपर्यंत आमच्याकडे बाग कुणी न तोडता ठेवत नाही.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी असते हे कळलं, तेव्हा ते हरखले आणि हादरलेही. रक्त तीन महिन्यांचं सगळं लक्षात ठेवतं म्हणजे काय! त्यानंतर घोटीच्या एका लग्नात मी त्यांना श्रीखंडाची वाटी हातात धरून बराच वेळ विचार करताना पाहिलं. मग त्यांनी ती संपवली.

दरवेळी रिपोर्ट चांगलाच यायचा. मग त्या आनंदात ते दुसऱ्यांच्या तपासणीला लागत. वॉचमन, इस्त्रीवाला, फिरायला येणारे पेन्शनर, कुणीही सुटत नसे. तहान फार लागते का? रात्री उठावं लागतं का? जखम भरायला वेळ लागतो का? वजन उतरलंय का? आबा गेटपाशी दिसले की काही लोक मागच्या रस्त्यानं घरी जात. पण त्यांच्या सांगण्यावरून तपासून घेतलेल्या दोघातिघांना खरंच साखर निघाली, हेही सांगायला हवं.

ताईच्या सासूबाईंनी मात्र या प्रकाराकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. मला काय धाड भरलीय, एवढं म्हणून त्या स्वयंपाकघरात निघून जात. एकदा आम्ही तिघं नात्यातल्या एका साखरपुड्याला निघालो होतो. वाटेत आबांना लॅब दिसली. त्यांनी गाडी थांबवून घेतली, आणि आलीच आहेस तर तूही दे, म्हणून बायकोच्या मागे लागले. कटकट थांबावी म्हणून सासूबाईंनी हात पुढे केला.

संध्याकाळी रिपोर्ट आले. आबांची साखर नेहमीसारखी. सासूबाईंची इतकी जास्त, की लॅबवाल्यांनी स्वतःहून फोन करून डॉक्टरांना भेटायला सांगितलं.

आबांनी आधी ते मान्यच केलं नाही. नावं उलटी पडलीत, माझं तिला लागलंय, असं म्हणत ते लॅबमध्ये जाऊन भांडले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये सासूबाईंचं उपाशीपोटी रक्त दिलं, तीन महिन्यांची तपासणीही करून घेतली. तीन महिन्यांची सरासरीही जास्तच होती. मी शेजारी उभा होतो. आबांनी तो कागद वाचला आणि ते बाकावर बसले. उन्हाळाभर उशाशी तांब्या भरून ठेवणारी, पोलकी सैल झाली म्हणून शिवायला देणारी, विळीवर कापलेलं बोट महिनाभर चिंधीत बांधून वावरणारी बाई एकाच घरात त्यांच्यासमोर होती.

"अख्ख्या कॉलनीला विचारलं, तहान लागते का," ते म्हणाले. "हिला नाय विचारलं."

त्यानंतर आबांची मिसळ सुटली, जिलबी सुटली, चहातली साखरही सुटली. सासूबाईंना सुईची भीती, म्हणून घरी साखर मोजायचं यंत्र आणलं. रोज सकाळी आबा आधी स्वतःचं बोट टोचून दाखवत, मग त्यांचं टोचत. तुमची चांगली असते, तुमचं कशाला, म्हणून त्या रागवत. पण बोट पुढे करत. हळूहळू साखर ताब्यात आली, आणि डॉक्टरांनी गोळीही कमी केली.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. हृदयविकाराचा एकच झटका आला. साखर शेवटपर्यंत उत्तम होती.

नंतर दोन-तीन महिने सासूबाईंनी यंत्राला हात लावला नाही. ताई सांगून थकली. मग एका सकाळी त्यांनी आपणहून मला बोलावलं आणि लॅबमध्ये घेऊन चला म्हणाल्या. उपाशीपोटीचं रक्त देऊन झालं, डब्यातली भाकरी खाऊन झाली, आणि आम्ही दोघं बाकावर दोन तास जायची वाट पाहत बसलो.

"भाऊ, एवढा वेळ हे इथं काय करायचे?" त्यांनी विचारलं.

लोकांशी बोलायचे, मी म्हणालो. शेवटी शेवटी तर तुमच्याबद्दलच. आमच्या मंडळींनी साखर कशी खाली आणली, रोज कशा चालतात, सुईला जरासुद्धा भीत नाहीत, डॉक्टरसुद्धा थक्क झाले, असं नव्या माणसाला गाठून सांगायचे.

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "सुईला भीत नाय म्हणे. आणि स्वतः गोड सोडलं, ते सांगायचे का?"

"नाही. ते कधीच नाही सांगितलं."

समोरच्या काचेतून रस्ता दिसत होता, तिकडे त्या बघत राहिल्या. थोड्या वेळानं आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला. उठताना त्यांनी डावी बाही वर केली, आणि मी सोबत निघालो तसं हातानंच मला बसून राहायला सांगितलं.