मनांग तिवाची हजेरी

फिलिपीन्समधल्या आमच्या इलोइलोत मयताच्या घरी जागरणाला कोणी कुठे बसायचं हे न सांगता ठरलेलं असतं. इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं शवपेटीजवळ, बाकीचे अंगणात पत्त्यांच्या टेबलाशी. मनांग तिवाने जन्मभर मास्तरकी केली, तिला आतली खुर्ची सहज मिळेल. पण ती पेटीपाशी हात जोडते आणि सरळ अंगणात येऊन पत्ते पिसायला घेते.

"रडणाऱ्यांकडून गुण कळतात, टोटो," ती मला म्हणाली होती, "पत्ते खेळणाऱ्यांकडून माणूस कळतो."

मनांग म्हणजे ताई, टोटो म्हणजे बाळ्या. माझे केस पांढरे झाले, जीपनी म्हणजे भाड्याच्या प्रवासी जीपगाड्या, त्या चालवणाऱ्यांच्या युनियनचा मी अध्यक्ष झालो, तरी तिचा मी टोटोच.

तिच्या अध्यापक कॉलेजची बॅच दर फेब्रुवारीत जमते. प्रार्थना झाली की गेलेल्यांची हजेरी होते. मनांग तिवा नाव पुकारते, मेणबत्ती लागते, आणि सगळे मिळून गेलेल्याच्या वतीने "हजर" म्हणतात. मधल्या वेळात ती त्या माणसाबद्दल दोन-चार वाक्यं बोलते. पदव्या, पदकं काही नाही. "सोफ्रोनियो शाळातपासनीस होता. मागच्या बाकावर बसून झोपायचा, म्हणून मास्तर लोक त्याच्यावर जीव टाकायचे." "आम्पारोने बेटावरच्या शाळेत घंटा नव्हती म्हणून कढई बडवली. बदली झाली तेव्हा पोरांनी कढई ठेवून घेतली." लोक हसतात, मग नाक पुसतात. मी मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या शोकसभा पाहिल्यात. त्यांत मेलेला माणूस आणखी मरतो. हिच्या चार वाक्यांत तो उठून बसतो.

मी स्वतः कॉलेजची पायरी चढलेलो नाही. शिकलो ते जीपनीच्या थांब्यावर, आणि त्यातलं निम्मं एल्पिदियो तुपासने शिकवलं. तो कॉलेजात मनांग तिवाच्याच वर्गात शिकायचा. मार्शल लॉच्या काळात वर्ग बुडवून आमच्याकडे यायचा, संप कसा करायचा ते सांगायचा. एका संध्याकाळी घरातून निघाला आणि परत आलाच नाही. प्रेत नाही, कबर नाही.

त्याचं नाव त्या हजेरीत कधीच आलं नव्हतं. यंदा मी तावातावाने मनांगच्या घरी गेलो.

"एल्पिदियोचं नाव घ्या."

"मी त्याच्या जागरणाला बसलेली नाही," ती वांगी चिरता चिरता म्हणाली. "ज्याच्या जागरणाला बसले नाही, त्याला मी मेलेला म्हणत नाही."

"प्रेतच नाही तर जागरण कसलं करायचं?"

"तेच म्हणतेय मी."

"म्हणजे त्याचं नावच घ्यायचं नाही? ज्यांनी नेला त्यांना तरी दुसरं काय हवं होतं?"

तिची सुरी थांबली. मला वाटलं आता हाकलते. तिने पदराने हात पुसावेत तसे झग्याला पुसले आणि म्हणाली, "चल, त्याच्या आईकडे जाऊ. आणि शर्ट बदल. छातीवर घोषणा छापलीय, म्हातारीला अजून वाचता येतं."

एल्पिदियोची आई, नानाय कोन्सोर्सिया, अरेवालोला राहते. नव्वदी ओलांडली आहे. दार तिनेच उघडलं आणि मनांग तिवाला बघून तिने चौकट घट्ट धरली. मनांग तिवा दारात उभी म्हणजे कोणीतरी गेलं, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत.

"सापडला?" म्हातारीने विचारलं.

"नाही, नानाय," मनांग म्हणाली. "कोणी गेलेलं नाही. या टोटोला भूक लागली. वासावर आलाय."

म्हातारीने चौकट सोडली. "युनियनवाले कायम उपाशी. बसा."

काळ्या तुरीत फणस आणि डुकराचं मांस शिजलं होतं. टेबलावर आमच्या तिघांच्या ताटांशिवाय एक ताट पालथं घातलेलं होतं. ते कोणाचं, हे मी विचारलं नाही. जेवण होईपर्यंत मनांगने विषय काढला नाही. मग म्हणाली, "नानाय, फेब्रुवारीत आमच्यात पिदियोचं नाव घ्यायचंय."

"मेणबत्ती लावणार?"

"गेलेल्यांची लावतो."

"मग नको."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मनांगने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. गप्प बसलो. मला असं गप्प बसवणारी माणसं फार नाहीत.

म्हातारी सावकाश बोलली. "नाव घेतलेलं मला आवडेल. फार दिवसांत दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. पण मेलेल्यांत वाचू नका. एकदा मेलेल्यांत वाचलं की लोक शोधायचे थांबतात. मी एकटी किती शोधू?"

आम्ही जीपनीने परत आलो. तिच्या दारात उतरताना म्हणाली, "म्हातारीला त्या दिवशी तू घेऊन ये."

"वाचणार कशात?"

"तू गाडी बघ. वर्ग मी बघते."

समारंभाच्या दिवशी प्रार्थना संपल्यावर तिने जाहीर केलं की यंदा सगळ्या वर्गाची हजेरी होईल, जिवंत आणि गेलेले, बाकावर बसायचे त्या क्रमाने, आडनावांप्रमाणे. बॅचचा अध्यक्ष देल्फिन चुळबुळला. "तिवा, जिवंत माणसं समोर बसलीत की. लेचोन थंड होईल, अख्खं डुक्कर भाजलंय."

"डुकराला घाई नाही, देल्फिन. तुला आहे. खाली बस."

सुरुवात झाली. जिवंत असलेले गुडघ्यांवर हात टेकून उठत होते, "हजर" म्हणत होते. गेलेल्यांची मेणबत्ती लागत होती. एकजण लघवीला गेला होता, त्याच्या वतीने मित्राने आवाज बदलून "हजर" म्हटलं. "तेव्हाही हेच करायचास," मनांग म्हणाली, आणि सभागृह पोरांसारखं खिदळलं. नानाय कोन्सोर्सिया माझ्या शेजारी, तिच्यासाठी मागवलेल्या चाकाच्या खुर्चीत ताठ बसली होती.

"तुपास, एल्पिदियो."

हसू विरलं. मेणबत्तीवाला काडी पेटवायला निघाला, मनांगने हाताने थांबवला. माझ्या घशापर्यंत "हजर" आलं होतं. मोर्चात नेलेल्यांची नावं पुकारली की आम्ही तसंच ओरडतो. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की ते मी गिळलं.

"गैरहजर," ती म्हणाली. आणि मग कुठलीही मास्तरीण वर्गाला विचारते तसं, साध्या आवाजात विचारलं, "तो कुठे आहे, कोणाला माहीत आहे का?"

त्या सभागृहात निवृत्त अधिकारी होते, मेयरचा व्याही होता. इतकी वर्षं हा प्रश्न आम्ही रस्त्यावर फलक धरून विचारला आणि लोक फलक वाचून बाजूने गेले. वर्गात विचारल्यावर मात्र कोणाला उठून जाता येईना.

मनांगने पुढचं नाव पुकारलं नाही.

मग देल्फिनच उठला. लेचोनची काळजी करणारा देल्फिन. "शेवटचा मी बघितला असेन," तो म्हणाला. "एकाच जीपनीत होतो. तो ला पासच्या पुलापाशी उतरला. त्याच्यामागे दोन माणसं उतरली. मी उतरलो नाही."

"अंगात काय होतं?" म्हातारीने विचारलं.

"पिवळा शर्ट, नानाय. खिशाला निळा दोरा."

"निळाच होता," ती म्हणाली. "पिवळा संपला होता माझ्याकडचा."

तिने खुर्ची पुढे न्यायची खूण केली. मी ती देल्फिनजवळ नेली आणि तिने त्याचा हात धरला. "आता सगळं सांग. माणसं कशी दिसत होती तेही."

तो सांगू लागला. स्वयंपाकघरातून वाढप्याने मान बाहेर काढून विचारलं, पुढचं नाव कधी, जेवण वाढायचं का.

"थांब," मनांग तिवा म्हणाली. "मागच्या बाकावर अजून एक हात वर आहे."