बॉनेटवरचा उजवा हात

जानकी मोहित्यांना गाडी चालवता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शिकावी असं त्यांना कधी वाटलंही नाही. "आत बसलेल्याला गाडी कुठं दिसते?" असं म्हणायच्या आणि पदर खोचून कामाला लागायच्या. पण झाशीत त्या काळी ज्यांच्या दारात चारचाकी उभी असे, त्यांतल्या बऱ्याच जणांना ओरछा गेटाजवळचं त्यांचं पत्र्याचं शेड ठाऊक होतं. मेलेला रंग जिवंत करणारी बाई, अशी त्यांची ख्याती. ही ख्याती त्यांना कुणी आयती आणून दिली नव्हती.

शेड खरं तर नवऱ्याचं. संभाजीराव मोहिते रेल्वेच्या कारखान्यात डब्यांना रंग द्यायचे. मोहित्यांचा मूळ पुरुष फौजेबरोबर इकडे आला तेव्हा त्याच्या हातात भाला होता म्हणे. पिढ्या उलटता उलटता भाल्याचा ब्रश झाला, एवढंच. रंगाच्या वाफांनी संभाजीरावांची छाती धरली आणि नोकरी मुदतीआधीच सुटली. मग त्यांनी शेड टाकलं आणि गाड्या घासून चमकवायचं मशीन घेतलं. मशीन कसलं, धूडच ते. दोन्ही हातांनी धरायचं, पुढे गरगर फिरणारी चकती आणि चकतीवर लोकरीची जाड टोपी. कंपाउंड, म्हणजे घासायची खरखरीत लेई, लावून रंगावर फिरवलं की वरचा करपलेला पापुद्रा निघतो आणि खालचा ताजा रंग वर येतो. ऐकायला सोपं आहे. करायला गेलं तर मशीन माणसाला गाडीभोवती फरफटवतं.

एक दिवस अर्धी घासलेली जीप तशीच टाकून संभाजीराव धापा टाकत खाटेवर आडवे झाले. जानकीबाईंनी मशीन उचललं.

"अगं, ठेव ते. हात मोडून घेशील."

"मोडला तर दुसरा आहे. तुमच्या छातीला दुसरी आहे का?"

त्या दिवसापासून संभाजीराव खाटेवर आणि बाई मशीनवर, अशी घराची नवी घडी बसली.

शिकण्याची त्यांची रीत मात्र जगावेगळी होती. त्यांनी आधी घरातलं लोखंडी कपाट धरलं आणि ते मुद्दाम पार पत्र्यापर्यंत घासलं. मग पिठाचा डबा, मग जुन्या स्कूटरचा मडगार्ड. शेजारपाजारचे हसले. पण बाईंचं म्हणणं असं, की रंग कुठं संपतो हे हाताला एकदा कळलं पाहिजे, त्याशिवाय थांबायचं कुठं ते कसं कळणार? संसारातली भांडीकुंडी या हिशेबानं पत्र्यावर आली, पण हाताला कळलं. मशीनचा आवाज जरा चढला, पत्रा जरा तापला की त्यांचं बोट आपोआप खटक्यावरून उठे. कडांवर तर त्या मशीन नेतच नसत. कडेला रंग सगळ्यात पातळ असतो, तिथं बोटाला फडकं गुंडाळून हातानंच घासायचं. माझ्या मते अर्धी कला त्या थांबण्यातच होती, आणि थांबणं हे भल्याभल्यांना जमत नाही.

एवढं असूनही गिऱ्हाईक यायचं ते खाटेशीच बोलायचं. किल्ली संभाजीरावांच्या हातात, राम राम त्यांना, सूचना त्यांना. बाई समोर उभ्या असायच्या आणि गाडी त्याच घासायच्या. त्यांना राग यायचा, पण तो मशीनच्या घरघरीत विरून जायचा. शेडमध्ये येऊन थेट त्यांच्याशी बोललेला पहिला माणूस म्हणजे श्रीकृष्ण शिर्के.

श्रीकृष्णाची टॅक्सी होती, गडद निळी अँबेसेडर. दिल्लीहून झाशीला शताब्दी सुरू झाल्याला तेव्हा फार काळ लोटला नव्हता. त्या आगगाडीतून परदेशी पाहुणे उतरायचे आणि टॅक्सीनं खजुराहोला जायचे. सदर बाजारात एका कंपनीनं त्यासाठी ऑफिस थाटलं होतं आणि कायमच्या कामासाठी गाड्या निवडायच्या होत्या. गाडी नव्यासारखी दिसली पाहिजे, ही पहिली अट. आणि नवा रंग मारलेला चालणार नाही, ही दुसरी. कारण ठोकलेल्या गाड्या लोक रंगाखाली लपवतात, हे कंपनीला पुरतं कळून चुकलं होतं.

"वहिनी, तुम्हीच आता काही करा," श्रीकृष्ण म्हणाला. "रंग दिला तर बाहर, नाही दिला तर ही अशी शकल. हे काम हातातून गेलं ना, तर गाडी विकून टाकावी लागेल."

गाडीची शकल खरंच बघवत नव्हती. स्टेशनाबाहेरच्या उन्हात वर्षानुवर्षं उभी राहून निळ्याचा राखी झाला होता. हात फिरवला की खडूसारखी भुकटी तळव्याला लागायची. वर इंजिनांच्या धुराचे, कोळशाच्या कणांचे बारीक काळे ठिपके. जानकीबाईंनी गाडी धुतली आणि छतावर एका कोपऱ्यात थोडंसं घासून बघितलं. लोकरीची टोपी निळी झाली आणि त्या राखेतून असा काही गर्द रंग वर आला, की श्रीकृष्णाच्या तोंडून "अरे वा!" निघून गेलं.

"जिवंत आहे," बाई म्हणाल्या. "ठेवून जा."

छत, दारं, डिकी, सगळं मनासारखं झालं. वीज जायची तेव्हा त्या कडा हातानं घासायच्या, आली की मशीन धरायच्या. घोडं अडलं ते बॉनेटवर. धूळ आणि मेलेला रंग निघाला तसे तिथं दोन हात दिसायला लागले. माणसाचे उघडे पंजे, पाची बोटं पसरलेले. डावा पुसट होता. उजवा मात्र रंगात खोल उतरला होता.

त्याच वेळी श्रीकृष्णाची आई, राधाबाई, डब्यात थालीपीठं घेऊन शेडमध्ये आल्या होत्या. गाडी बघून म्हातारी हरखली. पंजे बघून तर जास्तच.

"हे माझे हात हो!" त्या संभाजीरावांना कौतुकानं सांगायला लागल्या. "दर दसऱ्याला लावते. बाजारातलं कुंकू नाही चालत आमच्याकडे. घरची हळद, त्यात विड्याचा चुना कालवायचा, लालभडक होतं. दोन्ही हात भरून गाडीवर उठवायचे, उजवा तर दरवर्षी त्याच जागी. आणि दिवाळीपर्यंत पुसायचे नाहीत. म्हणून तर गाडीला आजवर ओरखडा नाही!"

जानकीबाईंच्या हातातलं फडकं थांबलं. चुना. ओला चुना, वर ऊन आणि दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही. रंगाला दुसरं काय होणार? सांगावं तर म्हातारीचं तोंड उतरणार. न सांगावं तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा हेच. जानकीबाईंना गोडगोड बोलता येत नसे, हा त्यांचा दोषच म्हणा.

"काकी, रंग चुन्यानं खाल्लाय. तुमच्या हातांनीच झालंय हे."

राधाबाईंना आधी कळलंच नाही. मग त्यांनी बॉनेटकडे पाहिलं, मग आपल्या तळव्यांकडे.

"म्हणजे इतकी वर्षं मीच?"

"तुम्हाला काय ठाऊक! मायेनंच केलंत ना?"

"माया चुलीत घाल. काढून टाक सगळं. एक बोट दिसता कामा नये." असं म्हणून त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. गाडीपासून दूर जाऊन बसल्या त्या बसल्याच, डबा उघडायलाही हात बाहेर काढले नाहीत. जानकीबाईंना स्वतःच्या जिभेचा फार राग आला.

डावा पंजा निघाला. सगळा निघाला, नावाला राहिला नाही. उजव्यावर मात्र बाईंनी चार वेळा कंपाउंड घेतलं, पाणी शिंपडत, पत्रा गार करत. बोटं पुसट झाली, तळवा पुसट झाला. समोरून बघितलं तर काहीच दिसेना. वाकून तिरकं बघितलं तर अजून तिथं हात होता. पाचव्यांदा मशीन टेकवलं आणि आवाज चढला. बाईंनी खटका बंद केला.

"वहिनी, थोडंसंच राहिलंय," श्रीकृष्ण म्हणाला.

"नाही. आता खाली रंग उरलेला नाही. पत्रा येईल."

"अहो, एक हात फिरवा हलक्यानं! कंपनीचे साहेब वाकून बघतील तर? मेरी रोज़ी का सवाल है, वहिनी!"

खाटेवरून संभाजीरावही बोलले, "अगं, एवढ्यानं काही होत नाही. मी असतो तर काढला असता."

खरं सांगायचं तर त्या क्षणी कुणीही कच खाल्ली असती. गिऱ्हाईक हात जोडतंय, नवरा, जो एके काळी उस्ताद होता, तो वर सांगतोय, आणि पलीकडे म्हातारी पदरात हात लपवून बसलीय. जानकीबाईंनी पुन्हा एकदा बोटाच्या पेरानं तो तळवा चाचपला आणि मशीनचा प्लग काढून टाकला.

"तुम्ही असता तर पत्रा आला असता," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आणि श्रीकृष्णा, पत्रा आला की बॉनेट रंगवावं लागेल. रंगवलेली गाडी तुझी कंपनी घेणार आहे का? माझ्यावर सोपवलीस ना? मग मी म्हणते तिथं थांबायचं."

श्रीकृष्ण रुसला, हे गाडी नेताना त्यानं आपटलेल्या दारावरून सगळ्यांना कळलं.

निवडीच्या दिवशी जानकीबाईंना घरी राहवेना. शेड संभाजीरावांवर सोपवून त्या ऑटोनं सदर बाजारात गेल्या. कंपनीच्या ऑफिससमोर गाड्या रांगेनं उभ्या होत्या. त्यांत ती निळी अँबेसेडर अशी उठून दिसत होती, की बाईंचा ऊर भरून आला. शेजारच्या पिंपळाची पानं तिच्या दारात दिसत होती, आणि रस्त्यानं जाणारी माणसं थांबून त्यात आपली तोंडं बघून घेत होती. इतकं देखणं काम त्यांच्याही हातून आधी झालं नव्हतं. राधाबाईही आल्या होत्या. पण लांब, फुटपाथवर, हात पदरात.

साहेब आले. गाडीभोवती एक फेरी मारली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"यह तो नया पेंट है. कहाँ ठोकी थी?"

श्रीकृष्णाच्या तोंडचं पाणीच पळालं. "नहीं साहब! पॉलिश करवाया है. माँ कसम, पेंट नहीं है."

"पॉलिश से पुरानी गाड़ी ऐसी होती है? किसी और को बनाना, भैया." आणि साहेब पुढच्या गाडीकडे वळले.

म्हणजे काम इतकं चांगलं झालं, की तेच श्रीकृष्णाच्या मुळावर आलं! जानकीबाईंचा पारा चढला. त्या रांग ओलांडून सरळ साहेबांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"साहब, पॉलिश मैंने किया है. इधर आइए. झुक के देखिए, तिरछा."

एक बाई असं दरडावून सांगतेय म्हटल्यावर साहेब वाकले. बॉनेटच्या त्या गर्द निळ्यात, उन्हाच्या तिरिपीत, एक पुसट पंजा उमटला होता.

"यह क्या है?"

"पुराना दाग़ है. नया रंग चढ़ता तो यह नीचे दब जाता, दिखता क्या?"

साहेबांना पटल्यासारखं वाटलं आणि नाहीसुद्धा. "दाग़ किस चीज़ का?"

जानकीबाईंनी फुटपाथकडे पाहिलं.

"काकी, इकडे या."

राधाबाईंनी मान हलवली. "मी नाही गाडीला हात लावायची आता."

"लावायचा. मी सांगते ना, लावायचा. या."

म्हातारी आली. तिनं पदरातून उजवा हात काढला. साहेबांकडे न बघता, लेकाकडेही न बघता, तिनं तो हळूच त्या पुसट हातावर ठेवला. बोटावर बोट बसलं. करंगळी जराशी बाहेर वळलेली होती, ती वळणासकट बसली.

"मेरा हाथ है," राधाबाई म्हणाल्या. "हर दशहरे का."

साहेबांनी वाकून ती करंगळी जवळून पाहिली. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि श्रीकृष्णाला म्हणाले, "कल सुबह शताब्दी पर आ जाना. वक़्त पर."

श्रीकृष्ण धावत जानकीबाईंकडे आला आणि भर रस्त्यात त्यांच्या पाया पडला. बाईंना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. पदरानं डोळे पुसले आणि त्याला दोन शब्द सुनावलेही, की रागाच्या भरात दार आपटायचं नसतं, बिजागरीजवळचा रंग उडतो.

राधाबाई अजून बॉनेटपाशीच होत्या.

"आई, चल. साहेब गेले आत," श्रीकृष्ण म्हणाला.

"जाऊ देत," असं म्हणून राधाबाई हात तिथंच ठेवून उभ्या राहिल्या.