शेवटचा रकाना

चाकणच्या एका कारखान्यात भट्टीवर माझी बावीस वर्षं गेली. तिथं एखादा जॉब, म्हणजे ओतलेला भाग, बिघडला की कागद पुढ्यात येतो. का बिघडला? त्या उत्तराचंही ‘का’? असे पाच ‘का’. शेवटचा रकाना कोरा दिसला की साहेब कागद परत पाठवतात. मग काही सुचलं नाही की ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहून आम्ही मोकळे.

चिखलीत घरी मुलगी खगोलशास्त्रातल्या पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करत होती. जागा एकच. म्हणाली, “पप्पा, प्रश्न विचारा.” मला दुसरं येतंय काय? कारखान्यातलीच पद्धत काढली.

विश्वाच्या सुरुवातीच्या आकाशगंगांच्या मधला वायू थंडगार होता, तो तापला, म्हणाली. का? पहिले तारे संपले, त्यांच्या अवशेषांतून क्ष-किरण निघाले, त्यांनी तापवला. इथं मी तिला पकडलं. ओतीव कामातली पोकळी शोधायला आमच्याकडेही क्ष-किरणच लागतात.

“अगं, जे आरपार जातं ते तापवेल कसं?”

“वायू अफाट पसरलाय, पप्पा. एवढ्या वाटेत किरण कुठंतरी अडकतोच. अडकला की अणूतून इलेक्ट्रॉन उडवतो, तो आजूबाजूला धडका देतो, आणि वायू तापतो.”

भट्टीवाल्यालाही पटावं असं उत्तर! मी खूश झालो, पण तोंडावर दाखवलं नाही. शेवटचं विचारलं, “नेमका किती तापला?”

“माहीत नाही. अजून कुणालाच नाही.”

माझं डोकं फिरलं. “असं चालत नसतं! अंदाजानं आकडा ठोकून दे. एका जागेसाठी रांग आहे तिथं.”

“खोटं नाही सांगणार,” म्हणाली आणि वही मिटली. दोन दिवस ती एकटीच तयारी करत बसली. मीही हट्टी, ती माझीच पोर.

मुलाखतीला रजा टाकून सोबत गेलो आणि बाहेर बाकावर बसून राहिलो. ती आली तशी विचारलं, “किती तापला, ते विचारलं का?”

“विचारलं. म्हटलं, माहीत नाही, तेच शोधायचंय.”

गेली जागा, असं धरूनच घरी आलो.

आठवड्यानं यादी लागली. जागा तिलाच मिळाली होती. पेढे घेऊन शिफ्टला गेलो तर साहेबांनीच विचारलं, “असं काय उत्तर दिलं हो पोरीनं?”

भर कॅन्टीनमध्ये छाती काढून मी सांगितलं, “माहीत नाही म्हणाली, साहेब!”