प्रसूती : शून्य

वहिनीचा फोन आला तेव्हा मी जळगावला गच्चीवर कपडे वाळत घालत होते. "आक्का, आपली नर्सबाईनी बदली व्हयनी. शनवारपाइन उपकेंद्र बंद. आते सुनले कोन दखी?" माझ्या भाचेसुनेला आठवा महिना. दुसरं बाळंतपण, रक्तदाब चढता, आणि नर्सबाई दिवसाआड घरी येऊन तो बघायची. बदलीचं कारण काय, तर गावात बाळंतपणंच होत नाहीत म्हणे. आकडे सगळ्यांना खुले आहेत, वेबसाइटवर बघून घ्या, असं भावाला धुळ्याच्या आरोग्य कचेरीत सांगितलं होतं.

मी छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. म्हटलं, बघूच. पण तालुका दाबला की जिल्हा उघडायचा, जिल्हा दाबला की पान गायब. फाइल कशीबशी उतरवली, तर ती जुन्या फॉन्टमधली. गावांच्या नावांची नुसती खिचडी झालेली, आकडे तेवढे शाबूत. शेवटी लोकसंख्येच्या रकान्यावरून दोंडाईच्याजवळचं आमचं गाव हुडकलं. दोन दिवस गेले. भाजी करपली, झोप नाही, दर तासाला वहिनीला फोन करून तिलाही भंडावलं. आणि ओळ सापडली तर काय, प्रसूती : शून्य.

माझं डोकंच फिरलं. सकाळची एसटी धरली आणि वही घेऊन दारोदार हिंडले. घरोघर पोरं नाचत होती. शून्य कुठून आलं मग? एका म्हातारीने हसत उलगडा केला. "पहिलं बायतपन माहेरलेच ना माय, रीतच शे. दुसरं मोठा दवाखानामा. बठ्ठा पोरे बाहेरगावलेच जल्मेल शेतस."

सगळी पोरं बाहेरगावी जन्मलेली. म्हणजे नऊ महिने गोळ्या, सुया, रक्तदाब हे सगळं नर्सबाईने करायचं आणि कळा लागल्या की गाडीत बसवून द्यायचं. पोर जिथे जन्मलं तिथल्या खात्यावर आकडा. मग माहेरी येणाऱ्या गावच्या लेकींचं काय, असं लिहायला घेतलं आणि आठवलं. भावाच्या मुलीचं बाळंतपण गावात नको, इथे काय सोय आहे, असं म्हणून हट्टाने तिला जळगावला मीच नेलं होतं. माझी मलाच लाज वाटली.

तरी वही घेऊन धुळ्याची कचेरी गाठली. साहेब सज्जन होते, चहा मागवला. वही शेवटपर्यंत चाळली. "मॅडम, काम चोख आहे. पण रकाना प्रसूतीचा आहे, तपासणीचा रकानाच नाही." मग तो घाला, मी म्हटलं. "लोकांना बघता येतं. दुरुस्ती वरून होते." वरून म्हणजे कुठून, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी चहा तसाच ठेवून उठले. चुकलंच माझं, साहेबांचा त्यात काय दोष?

नर्सबाईचा शेवटचा दिवस शनिवार होता. सामान बांधून झाल्यावर जाता जाता ती आमच्या सुनेकडे डोकावली, दंडाला पट्टा बांधला आणि रक्तदाब बघून नर्सबाईचाच चेहरा उतरला. "आत्ताच्या आत्ता धुळ्याला न्या." तिने स्वतः गाडी बोलावली. तासाभराचा उशीर झाला असता तर दोघंही हाती लागली नसती, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मुलगी झाली. माझ्या जिवात जीव आला, आणि मग रडू आवरेना. आकडा अर्थात धुळ्याला लागला.

पाचव्या दिवशी मी गावी पेढे वाटत होते. शेजारची पोटुशी सून आली. तिला पाचवा महिना. पेढा हातातच धरून ती उभी राहिली. "आक्का, तुम्ही वही लिखीसन इतलं बठ्ठं करं. तुमले बीपी दखता येस का?"

तिने दंड पुढे केला होता. येत नाही म्हणणार होते, पण तिच्याकडे बघून तसं म्हणवलं नाही.